मूल घरी, नजर शाळेची

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळांना कुलपे लागली. प्राथमिक वर्गांची दारे पुन्हा उघडण्यास डिसेंबर २०२१ उजाडावा लागला आणि लगेच जानेवारीत ती आणखी काही दिवस मिटली. जून २०२० मध्ये ज्या बालकाचे नाव पहिलीच्या हजेरीपटावर चढले, त्याने पहिलीचा वर्ग पाहिलाच नाही. दुसरीचाही जेमतेम पाहिला. अक्षरओळख, जोडाक्षरे, हातच्याची बेरीज, रांगेत उभे राहणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हे सारे ज्या दोन वर्षांत अंगी मुरते, ती दोन वर्षे त्या बालकाने घराच्या चार भिंतींत काढली.

तो काळ सरला, म्हणून प्रश्नही सरला असे मानता येत नाही. अतिवृष्टीचा इशारा आला की शाळांना सुटी जाहीर होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये हवेतील प्रदूषणामुळे दिल्लीच्या प्राथमिक शाळांचे वर्ग घरूनच भरवावे लागले. एखादे मूल दीर्घ आजाराने महिना दोन महिने अंथरुणाला खिळते. बहुविकलांग किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिलेलाच आहे. अशा प्रत्येक वेळी मूल घरी असते आणि शाळा दूर असते. या अंतरातही प्राथमिक शाळा मुलाला कसा आधार देऊ शकते, याचे काही धडे त्या दोन वर्षांनी मोठी किंमत घेऊन शिकविले आहेत. ते विसरले जाणे म्हणजे तोटा सोसूनही त्यातून काही न शिकणे होय.

त्या तोट्याचे माप उपलब्ध आहे. देशभर ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचे वाचन व गणित तपासणारी ‘असर’ ही पाहणी प्रसिद्ध आहे. २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या शंभर मुलांपैकी सुमारे ४२ मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२२ मध्ये हेच प्रमाण सुमारे २७ वर घसरले. २०२४ च्या पाहणीत देशपातळीवरील आकडा पुन्हा २०१८ च्या जवळपास आला, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु २०२४ ची तिसरी म्हणजे निराळी मुले. २०२२ मध्ये जी मुले मागे राहिली, ती तोवर पाचवीत पोचली होती. सरासरी सावरली म्हणून प्रत्येक मूल सावरले असे होत नाही. व्यापारात एका गिऱ्हाइकाची बुडीत रक्कम दुसऱ्याच्या खरेदीने भरून निघाल्यासारखी दिसते. पण खतावणीत ज्याचे खाते त्याच्याच नावावर राहते. शिक्षणाचा हिशेबही असाच मूलनिहाय मांडावा लागतो.

शाळा बंद असताना काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही दैनंदिन अभ्यासमाला चालविली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर आधारलेले कृतियुक्त पाठ तिने घरात आणले. ‘दीक्षा’ या ॲपवर पाठ होते, आणि पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडवरून ते उघडता येत. शिक्षकांनी व्हॉट्सॲपवर वर्गांचे गट केले. यांतील अनेक शिक्षकांना त्याच काळात साथीच्या सर्वेक्षणाचेही काम होते, आणि मोबाइल व इंटरनेटचा खर्च पुष्कळांनी स्वतःच्या खिशातून केला. हे ऋण समाजाने मानले पाहिजे.

तरीही मुले मागे का राहिली? याचे एक उत्तर साधनांच्या कमतरतेत सापडते. ‘असर’च्याच पाहणीनुसार ग्रामीण भारतातील शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. सप्टेंबर २०२० मध्ये ते ६१.८ टक्के झाले. वाढ मोठी होती, पण तरीही शंभरातील अडतीस घरे कोरडीच राहिली. शिवाय घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत फरक आहे. हा फरक व्यापारी कुटुंबांइतका कोणाला ठाऊक असणार? दुकानदाराचा फोन सकाळी त्याच्याबरोबर दुकानी जातो. त्यावर मालाच्या मागण्या येतात, वसुलीचे निरोप जातात, गिऱ्हाइकाचे पैसे जमा झाल्याची खूण येते. रात्री दुकान वाढवून तो घरी येतो तेव्हा पहिलीतले मूल झोपलेले असते. घरी तीन भावंडे आणि एक फोन असेल, तर दहावीतल्या थोरल्याची निकड आधी आणि धाकट्याची पाळी शेवटी, हे ओघाने येतेच.

म्हणून शाळेचे पहिले काम ठरते ते प्रत्येक घराची नोंद घेण्याचे. फोन कोणाचा, तो घरी किती वाजता असतो, घरात वाचता येणारी व्यक्ती कोण, ती दिवसभर घरी असते की दुकानात वा कामावर, आजी-आजोबा आहेत का, मुलाला बसण्यास कोपरा आहे का, एवढी माहिती वर्गशिक्षकाच्या वहीत असेल तर तासाची वेळ आपोआप बदलते. सकाळी दहाला तीस मुलांपैकी बारा उपस्थित राहत असतील आणि रात्री आठला पंचवीस, तर पाठ रात्री आठला पाठविणे हाच शहाणपणा होय.

दुसरे उत्तर मात्र अधिक खोल आहे, आणि ते साधनसंपन्न घरांनाही लागू पडते. दूरदर्शन मुलाला पाठ दाखवू शकते, पण मुलाला पाहू शकत नाही. वर्गात शिक्षिका फळ्याकडे पाठ करून उभी असली तरी तिचे लक्ष मुलांत असते. कोणाचे बोट ओळीवरून सरकत नाही, कोण शेजाऱ्याचे पाहून उतरवितो, कोण ‘समजले’ म्हणत खाली मान घालतो, हे तिला न सांगता कळते. लहान मुलाला आपले अडले कोठे हे शब्दांत मांडता येत नाही. ते ओळखणे हेच प्राथमिक शिक्षकाचे खरे कसब. मूल घरी गेले की पाठ पाठविण्याचा मार्ग राहतो, पण मुलाकडून परत येणारी ही खूण तुटते. अनेक शाळांनी पाठ पाठविण्याची उत्तम सोय केली आणि परतीच्या वाटेचा विचार केला नाही. पडद्यावर तीस चौकोन दिसतात. त्यांतील दहा काळे असतात. त्या काळ्या चौकोनामागे मूल आहे की नाही, याची चौकशी ज्या शाळेने केली तिनेच खऱ्या अर्थाने वर्ग भरविला.

परतीची वाट बांधण्यास महागडी साधने लागत नाहीत. पहिली-दुसरीच्या मुलाने रोज पाच ओळी मोठ्याने वाचाव्यात, त्याचा आवाज मुद्रित करून शिक्षिकेकडे पाठवावा आणि तिने त्याचे नाव घेऊन दोन वाक्यांत उत्तर द्यावे. साधा फोन असेल तर आठवड्यातून दोनदा पाच-पाच मिनिटे बोलावे. मुद्रित आवाजात शिक्षिकेला सगळे ऐकू येते: कोणत्या जोडाक्षरावर मूल अडखळते, कोठे अंदाजाने शब्द ठोकून देते, कोठे पाठांतर म्हणून दाखविते आणि वाचत नाही. व्यापारी घरांतील वडीलधाऱ्यांना ही रीत नवी नाही. धार्मिक पाठशाळेत मागची गाथा ऐकून घेतल्याशिवाय पुढची दिली जात नाही. एकेका मुलाला जवळ बोलावून ऐकणे ही जुनी पद्धत दूरच्या शिक्षणात सर्वांत उपयोगी ठरते, कारण आवाज अंतर ओलांडून जातो.

दुसरी वाट वहीची. प्रत्येक मुलाच्या दोन वह्या ठेवाव्यात. एक घरी चालू असेल तेव्हा दुसरी शाळेत तपासली जाईल. शनिवारी पालकाने शाळेच्या फाटकाशी येऊन वह्या बदलून न्याव्यात. त्याच वेळी पुढच्या आठवड्याची छापील पाने घ्यावीत. तपासणीत केवळ लाल खुणा नसाव्यात. ‘वजाबाकीत हातचा घ्यायला विसरतोस, या तीन उदाहरणांत काड्या मांडून बघ’ असे एक नेमके वाक्य असावे. दुकानदार रोजमेळ रोज लिहितो. वर्षाअखेर ताळेबंद करू म्हणून दिवसांचे व्यवहार सोडून दिले, तर कितीही हुशार मुनीम आला तरी हिशेब जुळत नाही. मुलाच्या शिक्षणातही वार्षिक परीक्षा हा ताळेबंद आणि तपासून परत आलेली वही हा रोजमेळ. जुलै २०२१ मध्ये राज्याने ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आखला, तो राहून गेलेल्या नोंदी भरण्याचाच प्रयत्न होता. पण ज्या वर्गात रोजच्या नोंदी होत्या, तेथे सेतू कोठून बांधावयाचा हे शिक्षकाला आधीच ठाऊक होते.

येथे पालकांच्या एका चुकीचा उल्लेख आवश्यक आहे. मूल चुकीचे लिहिते म्हणून आई शेजारी बसून उत्तर सांगते, चित्र सुंदर दिसावे म्हणून ताई रंगवून देते, वाचन मुद्रित करताना आजी मागून शब्द पुरविते. हेतू प्रेमाचाच असतो. पण शाळेत पोचते ती खोटी नोंद. शिक्षिका समजते की मुलाला आले, आणि ती पुढे जाते. ज्या घरात हिशेबाच्या वहीत एक पैशाची खोटी नोंद खपवून घेत नाहीत, त्या घरात मुलाच्या वहीत ती का खपावी? मुलाची चूक जशीच्या तशी शिक्षकापर्यंत जाऊ देणे, हे पालकाने शाळेला केलेले मोठे साहाय्य होय. शाळेनेही हे पालकांना आरंभीच समजावून सांगावे आणि चुकांची भरलेली वही आली तर कपाळाला आठी घालू नये.

घरच्या भाषेचा प्रश्नही असाच दुर्लक्षित राहिला. अनेक व्यापारी कुटुंबांतील मुले इंग्रजी माध्यमात जातात. घरी मात्र मराठी, गुजराती, मारवाडी किंवा कन्नड बोलली जाते. वर्ग चालू असताना शिक्षिका हावभावांनी, फळ्यावरील चित्रांनी, मैत्रिणीच्या मदतीने मुलाला वाट दाखविते. घरी ही वाट बंद होते. इंग्रजीत आलेली सूचना आजीला वाचता येत नाही, आईला अर्धी समजते आणि मूल पडद्याकडे पाहत बसते. आजीला गणित येत नाही असे नाही. तिला सूचना कळत नाही एवढेच. म्हणून पाठ कोणत्याही माध्यमाचा असो, घरातल्या मोठ्यांसाठीची सूचना त्यांच्या भाषेत आणि बोलून पाठविलेली असावी.

या बाबतीत सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचे उदाहरण साऱ्या जगापुढे गेले. तेथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे सर्वांनी कौतुकाने वाचले. ज्या कामाचा तो गौरव होता ते मात्र अधिक लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यांनी पाठ्यपुस्तकांतील मजकूर मुलांच्या घरच्या भाषेत आणला आणि पुस्तकांत क्यूआर कोड बसवून कविता, गोष्टी व पाठ घरी ऐकण्याची सोय केली, आणि हे सारे साथीच्या आधीपासून चालू होते. मूल शाळेत येत असतानाच ज्या शाळेने घरापर्यंत वाट बांधून ठेवली, तिला संकटाच्या दिवशी धावपळ करावी लागत नाही.

जेथे फोनच नव्हते तेथेही शिक्षकांनी हात टेकले नाहीत. सोलापूर शहरातील नीलमनगर या कष्टकऱ्यांच्या वस्तीत एका मराठी शाळेच्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरील भिंतींवर पाठ्यपुस्तकांतील धडे रंगविले. येता-जाता, अंतर राखून मुले भिंती वाचू लागली. दिगंत स्वराज फाउंडेशनने आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपक नेऊन ‘बोलकी शाळा’ भरविली. भिंतीला वीज लागत नाही आणि ध्वनिक्षेपकाला इंटरनेट लागत नाही. परंतु या दोन्ही उपक्रमांचे बळ केवळ भिंतीत किंवा यंत्रात नव्हते. शाळा किंवा तिचे कार्यकर्ते मुलांच्या वस्तीपर्यंत चालत गेले, हे त्यांचे बळ होते.

साधने भरपूर असलेल्या घरांत धोका उलट दिशेने येतो. मुलाच्या हाती टॅब देऊन घर निश्चिंत होते आणि तासामागून तास पडदा चालू राहतो. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत पूर्वप्राथमिक मुलांसाठी दिवसाला ३० मिनिटांची मर्यादा सांगितली होती, आणि पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रे. म्हणजे प्राथमिक शाळेच्या मुलाचा पडद्यावरील शिक्षणाचा काळ फार तर दीड तासाचा. उरलेला अभ्यास हाताने व्हावयाचा आहे. दहा काड्यांची जुडी बांधली म्हणजे दशक होतो. जुडी सोडली म्हणजे हातचा कळतो. डाळीचा डबा मापाने भरताना अर्धा आणि पाव समजतो. दुकानात संध्याकाळी वीस मिनिटे आजोबांजवळ बसून सुटे पैसे मोजणारे मूल बेरीज-वजाबाकी जितकी पक्की करते तितकी खेळाच्या ॲपवर होत नाही. मात्र शाळेने हे सांगावे लागते: या आठवड्यात पाव, अर्धा, पाऊण चालू आहेत, तर स्वयंपाकघरात ते कसे दाखवावेत, पुढच्या आठवड्यात नाणी आहेत, तर गल्ल्याजवळ काय विचारावे. एका वेळी एकच गोष्ट, आणि ती दहा मिनिटांत होण्याजोगी, असा नियम ठेवला तर दिवसभर राबणारी आईही ती करू शकते. तिच्यावर पूर्ण शिक्षिकेचे काम लादणे योग्य नाही, आणि तिला काहीच न सांगणेही योग्य नाही.

या साऱ्याचा व्यापारी समाजाशी आणखी एका नात्याने संबंध येतो. गावोगावच्या शाळांच्या विश्वस्त मंडळांवर आणि देणगीदारांच्या फलकांवर व्यापारी कुटुंबांची नावे आहेत. देणगी देताना दिसणाऱ्या वस्तूकडे मन ओढले जाते. पन्नास टॅब दिले की छायाचित्रही चांगले येते. परंतु दोन वर्षांनी ते टॅब कपाटात पडून असतील, तर त्या दानाचे फळ काय? त्याच पैशांत वर्षभराची छापील पाने, प्रत्येक मुलाच्या दोन वह्या, शिक्षकांच्या फोनचा खर्च आणि मागे पडलेल्या मुलांसाठी संध्याकाळी एक तास बसणारी एक शिक्षिका, एवढे भागू शकते. याचे छायाचित्र येणार नाही, पण मूल वाचू लागेल.

विश्वस्तांनी मुख्याध्यापकांना चार प्रश्न विचारावेत. शाळा उद्या आठ दिवस बंद राहिली तर प्रत्येक मुलाशी कोण, कसे आणि कोणत्या वेळी बोलणार? गेल्या आठवड्यात किती वह्या तपासून परत गेल्या? ज्यांचा आवाज तीन दिवस ऐकू आला नाही अशी मुले कोणती आणि त्यांच्या घरी कोण गेले? दीर्घ आजाराने घरी असलेल्या मुलाचे काम कोणाकडे सोपविले आहे? या प्रश्नांची उत्तरे नावानिशी मिळाली, तर ती शाळा घरी राहणाऱ्या मुलासाठीही सज्ज आहे. उत्तरादाखल केवळ ॲपचे नाव मिळाले, तर काम अजून सुरू व्हावयाचे आहे. पालकांनीही शुल्काची पावती पाहताना हेच प्रश्न विचारण्यास संकोच करू नये.

घरी अंथरुणावर पडून वही लिहिणाऱ्या मुलाला शाळेचे मोठे आवार, संगणकांचा कक्ष, चकचकीत ॲप यांतले काहीच दिसत नाही. त्याला एवढेच कळते की आपण लिहिलेले बाईंनी वाचले की नाही, आणि आपण दोन दिवस गप्प राहिलो तर कोणी विचारले की नाही. ज्या मुलाला कोणीतरी पाहत आहे असे वाटते, ते एकटे असतानाही अभ्यासाला बसते. पुढची अतिवृष्टी, पुढची साथ किंवा पुढचे आजारपण केव्हा येईल हे कोणाच्या हाती नाही. घरांची नोंदवही, दोन वह्या, ऐकण्याची वेळ आणि घरच्या भाषेतील सूचना यांची तयारी मात्र प्रत्येक शाळेच्या हाती आहे. या जूनमध्ये वर्ग भरतील, तेव्हा पहिल्या पंधरवड्यात एवढी तयारी करून ठेवावी.